गरज, चैन आणि कपभर कॉफी

आपल्यापैकी बहुतेकांना घरच्या मोठ्यांनी एक तराजू हातात देऊन परदेशी पाठवलं आहे. त्याच्या एका पारड्यात 'गरज', दुसऱ्यात 'चैन'. काही विकत घ्यायचं झालं की ते कुठल्या पारड्यात बसतं ते आधी बघायचं, आणि चैनीच्या पारड्यात बसलं तर मनाला चार दिवस टोचणी लावून घ्यायची. पौंडाला रुपयांनी गुणायची सवय वर्ष-दोन वर्षांत सुटते. हा तराजू मात्र तीस वर्षांनंतरही सुटत नाही. तो सुटू नये असंच मला वाटतं. पण त्याची मापं बरोबर आहेत ना, हे अधूनमधून तपासायला हवं. या लेखात ती मी एका साध्या घरगुती प्रश्नावर तपासून बघणार आहे. घरात कॉफीचं मशीन घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठलं?

मशीन म्हणजे इथे इंग्लंडमध्ये ज्याला 'बीन-टु-कप' म्हणतात ते. वरच्या भांड्यात भाजलेल्या कॉफीच्या बिया ओतायच्या, टाकीत पाणी भरायचं आणि बटण दाबायचं. मशीन लागतील तेवढ्याच बिया दळतं, पूड दाबून तिची वडी करतं, साधारण ९० ते ९५ अंश सेल्सिअस तापलेलं पाणी दाबाखाली तिच्यातून सोडतं आणि उरलेला चोथा आतल्या खणात टाकून देतं. मिनिटाभरात कप तयार! किंमत तीनशे पौंडांच्या आसपास सुरू होते आणि दीड-दोन हजारांच्याही पुढे जाते. साध्या गाळणीने जे काम होतं त्यासाठी एवढे पैसे? तराजूचा काटा कुठे झुकतो, ते सांगायला नको.

कॉफीच्या यंत्रांचा इतिहास म्हणजे हातातलं एकेक काम यंत्राकडे जाण्याचा इतिहास आहे. १८८४ साली इटलीतल्या तुरिन शहरी आंजेलो मोरिओन्दो याने वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एकेक कप झटपट काढणारं यंत्र आणलं. १९०८ मध्ये जर्मनीतल्या द्रेसडेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने कपातल्या गाळाला कंटाळून, भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीचा टीपकागद घातला, आणि कागदी फिल्टर जन्माला आला. पुढे १९८५ च्या सुमारास सेको या इटालियन कंपनीने दळण्यापासून चोथा टाकण्यापर्यंत सगळं स्वतःच करणारं घरगुती यंत्र बाजारात आणलं. म्हणजे दळणं, मोजणं, दाबणं, ओतणं, सगळं गेलं. माणसाकडे उरलं ते बटण!

मग त्यात बिघडलं काय? आल्बर्ट बोर्गमन नावाच्या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात याचं एक उत्तर दिलं आहे. त्याने उदाहरण घेतलं आहे घरातल्या शेकोटीचं. लाकडं फोडणं, विस्तव पेटवणं, तो सांभाळणं यात घरातल्या प्रत्येकाचा वाटा असायचा, आणि ऊब घ्यायला सगळे एका ठिकाणी जमायचे. सेंट्रल हीटिंग आलं. ऊब मिळाली, पण तिच्याभोवतीचं बाकी सगळं गेलं. यंत्र आपल्याला फळ देतं आणि त्यामागचं काम भिंतीआड लपवतं, असं त्याचं म्हणणं. आपण चुलीकडून गॅसकडे आलेले लोक, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या घरांत चहा रोजचा आणि कॉफी खास असे. आजाऱ्याला, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलाला, नाहीतर 'मी चहा घेत नाही हो' म्हणणाऱ्या पाहुण्याला. दूध उतू जाऊ नये म्हणून एक जण उभा, जायफळ किसायला दुसरा. त्या कॉफीत कॉफी थोडी आणि दूध-साखरच जास्त असे, तरी ती लक्षात राहिली आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये दाखवून दिलं, की घरगुती यंत्रांनी बाईचं काम वाटतं तेवढं कमी केलं नाही. पुरुषांची, मुलांची, नोकरांची कामं कमी झाली. स्वच्छतेच्या अपेक्षा मात्र वाढल्या, आणि कपडे धुण्याचं यंत्र आल्यावर कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. कॉफीचं मशीनही तसंच. रोज खालचा ट्रे ओतायचा, चोथा काढायचा, दुधाच्या नळ्या धुवायच्या. शिवाय लंडन आणि आग्नेय इंग्लंडातलं पाणी जड. किटलीच्या तळाशी बसतो तो पांढरा थर यंत्राच्या आतही बसणार, आणि ठरावीक काळाने तो काढावा लागणार. तेव्हा 'काम वाचेल' असं कोणी म्हटलं की 'कोणाचं?' हे विचारायला हवं.

या प्रश्नावर मला सगळ्यात उपयोगी पडले ते गांधीजी, हे वाचून काहींना गंमत वाटेल. त्यांना चहा-कॉफीच मुळात पसंत नव्हती! पण १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं होतं, की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की माझं शरीर आणि चरखा हीसुद्धा यंत्रंच आहेत. माझा विरोध यंत्राच्या वेडाला आहे, श्रम वाचवण्याच्या नावाखाली हजारोंना बेकार करण्याला आहे. आणि अपवाद म्हणून त्यांनी नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचं. बायकोचे शिवणकामाचे कष्ट बघवेनात म्हणून त्या माणसाने प्रेमापोटी ते यंत्र केलं, अशी त्यांची समजूत. सिंगरचं चरित्र वाचलं तर त्याच्या पत्नीप्रेमाची ही गोष्ट फारशी टिकत नाही, पण कसोटी टिकते. यंत्राकडे नुसतं बघून ते चांगलं की वाईट हे ठरत नाही. त्यापुढे कोणता माणूस उभा आहे, हेही बघावं लागतं.

आमच्या घरी तो माणूस म्हणजे माझी पत्नी. तिला काही वर्षांपासून बोटांच्या सांध्यांचा संधिवात आहे. सकाळी पहिले दीड-दोन तास बोटं ताठरलेली असतात. पितळी फिल्टर पिळून बंद करणं, बरणीचं फिरकीचं झाकण उघडणं, भरलेली किटली तिरकी धरणं, यांतलं काहीच त्या वेळी जमत नाही. ती पाच वाजता उठते, मी सातला. उठल्यावर मी कॉफी करून देतो, त्यात मला कसलाही त्रास नाही. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "अहो, कॉफी मिळत नाही असं नाही हो. पण मागावी लागते."

'मागावी लागते' हे ज्या तराजूत तोलता येत नाही त्याची मापं अपुरी आहेत, असं मला वाटतं. गरजेच्या पारड्यात आपण अन्न, वस्त्र, निवारा, औषध एवढंच टाकतो. पहाटेच्या शांततेत कोणालाही न उठवता स्वतःच्या हाताने घेतलेला कप, ही गरज की चैन? तेच बटण मी दाबलं तर माझे चार हालचालींचे कष्ट वाचतात आणि बोर्गमन म्हणतो तसं काहीतरी हरवतंही. तिने दाबलं तर तिला हरवलेलं काहीतरी परत मिळतं. वस्तू एकच, पण माझ्यासाठी ती सोय आहे आणि तिच्यासाठी स्वावलंबन.

इथे एक सावधगिरी हवी. नैवेद्य देवाला दाखवायचा आणि खायचा आपण, ही कला आपल्याला चांगली अवगत आहे. बायकोच्या दुखऱ्या बोटांच्या नावाने नवऱ्याची हौस भागवणं सहज शक्य आहे. यावर एकच उपाय मला सुचला. ज्याच्यासाठी म्हणून घेतो आहोत, निवडीची मापं त्याच्याच हातांची असायला हवीत.

दुकानात ही कसोटी लगेच लागू पडते. खोक्यावर ठळक अक्षरांत १५ बार, १९ बार असा दाब लिहिलेला असतो. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास दाब पुरतो, तेव्हा पुढचा आकडा जाहिरातीसाठी. कपांचे दहा-बारा प्रकार, फोनवरचं ॲप, तेही आमच्या कामाचं नव्हतं. पण टचस्क्रीन, जो मी एकट्याने चैनीत काढला असता, तो तिच्या बोटांना फिरवायच्या बटणापेक्षा फार सोपा गेला. पाण्याची टाकी १.८ लिटरची, म्हणजे भरल्यावर दोन किलोच्या घरात. ती काढून नळाखाली न्यायची गरज नसावी, छोट्या भांड्याने जागच्या जागी भरता यावी, हे तिने बघितलं. दुधाचा जग चार खटक्यांचा होता, तो तिला नको होता. ती दूध वेगळं गरम करून घेते.

एका बाबतीत मात्र दोघांची मापं जुळेनात. या मशीनांच्या पोटात कॉफी दाबणारा जो भाग असतो, तो काहींमध्ये बाहेर काढून नळाखाली धुता येतो. डेलोंगी, फिलिप्स, गाज्जिया यांची घडण अशी आहे. जुरासारख्या कंपनीच्या मशीनांत तो आतच बसवलेला असतो आणि सफाईची गोळी टाकून यंत्राकडूनच धुवून घ्यायचा. तिला दुसरा प्रकार सोपा, कारण चिमटीत धरून काही ओढायला नको. मला पहिला हवा होता. जे उघडून बघता येत नाही आणि आपल्या हाताने स्वच्छ करता येत नाही, ते आपलं असूनही परकं वाटतं. शेवटी पहिला प्रकार घेतला, पण एका अटीवर. रविवारी सकाळी तो भाग काढून धुणं आणि वेळ आली की क्षार काढणं हे माझं काम, आणि ते तिने आठवण न करता व्हायला हवं. नाहीतर कॉफीऐवजी सफाई मागावी लागेल, एवढाच फरक पडायचा!

दुरुस्तीचाही विचार याच ओघात आला. ब्रिटनमध्ये जुलै २०२१ पासून धुलाई मशीन, डिशवॉशर, फ्रीज, टीव्ही अशा वस्तूंचे सुटे भाग उपलब्ध ठेवण्याचं बंधन उत्पादकांवर आलं, पण त्या नियमांत कॉफीची मशीनं आली नाहीत. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालेल्या 'रिपेअर कॅफे'ची कल्पना आता इथल्या गावांतही रुजली आहे. स्वयंसेवक आपल्याबरोबर बसून आपलीच वस्तू दुरुस्त करायला मदत करतात. आम्ही सुटे भाग मिळतील असं, कंपनीनेच दुरुस्त करून पुन्हा विक्रीला काढलेलं मशीन घेतलं. कॅप्सूलची मशीनं याहून स्वस्त असतात, पण त्यात प्रत्येक कपामागे एक डबी फेकायची. इथे उरतो तो फक्त चोथा, तो बागेतल्या खताच्या ढिगावर जातो. वाचलेल्या पैशांतून थोड्या महाग, पण उत्पादकाला बरा भाव देणाऱ्या बिया घेतो. चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांत झाडांच्या सावलीत पिकणारी कॉफीची फळं आजही हातानेच वेचतात. आपल्या घरातल्या हातांचा विचार करताना ते हात विसरून चालणार नाही.

एवढं करूनही हे मशीन सगळ्याला पुरत नाही, आणि ते पुरू नये. ते एका वेळी एकाला त्याच्या आवडीचा कप देतं. गणपतीच्या आरतीनंतर घरात पंधरा माणसं असली की अजूनही मोठं पातेलंच गॅसवर चढतं. आलं कोणी किसायचं, साखर किती घालायची यावरून वाद होतात, आणि शेवटी सगळ्यांना एकाच चवीचा चहा मिळतो. कोणाला गोड लागतो, कोणाला फिका, पण कोणी कप परत करत नाही. ते पातेलं मी यंत्राच्या हवाली करणार नाही. तिथे काम वाचवणं म्हणजे माणसं वाचवून खर्चणं होईल.

तेव्हा तराजू टाकून द्या असं मी म्हणत नाही. 'ही गरज की चैन?' या प्रश्नाला फक्त दोन प्रश्नांची जोड द्या. यामुळे कोणाचे हात मोकळे होणार आहेत, आणि कोणाच्या हातांवर नवं काम पडणार आहे? पुढच्या खेपेला घरात स्वयंपाकाचं, सफाईचं किंवा आणखी कसलं यंत्र घ्यायची चर्चा निघाली की विचारून बघा. उत्तर बहुधा खोक्यावर छापलेलं नसतं, घरातल्याच कोणाला तरी ठाऊक असतं.