तुम्ही पुढे व्हा

गेल्या डिसेंबरात वडोदऱ्याच्या आमच्या मंडळीतले, आमच्यासुद्धा नऊ जण कळसूबाईला गेले. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. गाडी बदलून इगतपुरीस उतरलो आणि जीपने घोटीमार्गे पायथ्याच्या बारी गावी पोचलो. पहाटे सहाला चाल सुरू झाली. आधी कापणी झालेली भातखाचरे, मग दगडांचा चढ, मग उभ्या कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या. धडधाकट माणसाला वर जायला तीन-चार तास लागतात. उतरताना गुडघे हिशेब मागतात तो निराळाच.

आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. वय सदुसष्ट. हौस दांडगी, पण दुसऱ्या शिडीनंतर त्यांचे हात थरथरू लागले. ते एका खडकावर टेकले आणि हसून म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी येथे बसतो. येताना मला घेऊन चला."

आम्ही विचारले, "नक्की ना, गुरुजी?" ते म्हणाले, "नक्की." मग आम्ही पाण्याची एक बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि आठही जण वर गेलो.

वर काय सुख होते ते काय सांगावे! माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ, पश्चिमेस अलंग, मदन आणि कुलंग, खाली भंडारदऱ्याचे पाणी. तास-दीड तास कसा गेला कळले नाही. परत आलो तर खडक रिकामा. त्या क्षणी पोटात जे झाले ते आम्ही विसरणार नाही. हाका मारल्या, दोघे तरुण धावत खाली गेले. गुरुजी सापडले ते बऱ्याच खाली, लिंबू-सरबत विकणाऱ्या एका बाईच्या झोपडीत. ऊन अंगावर आले, बसवेना, म्हणून ते एकटेच उतरू लागले होते. पाय घसरून घोटा सुजला होता. त्या बाईने त्यांना हाताला धरून सावलीत आणले आणि घोट्याला ओले फडके बांधले. आम्ही पैसे पुढे केले, तिने फक्त सरबताचे घेतले.

गुरुजींनी एका शब्दाने दोष दिला नाही. उलट म्हणाले, "मीच ना तुम्हाला जा म्हटले?" आणि येथेच आमचा प्रश्न सुरू होतो. दुर्बळाने सोडून जाण्याची परवानगी दिली, म्हणजे सबळ मोकळा झाला काय?

जीपमध्ये एक तरुण म्हणाला की एकासाठी आठांनी माघारी फिरणे हाही अन्यायच. त्याचे म्हणणे खोटे नाही. मुलांनी महिनोन्महिने पैसे साठविले होते. आठांनी फिरावे असे आम्हीही म्हणत नाही, एकाने थांबले असते तरी पुरे होते. आणि तो एक म्हणजे आम्हीच, कारण सहलीची जबाबदारी आमच्यावर होती. आम्ही थांबलो नाही, कारण गुरुजींचे "नक्की" आम्हाला हवेच होते. तसे उत्तर यावे अशाच सुरात आम्ही विचारले होते. मागे पडलेला मनुष्य सहसा खरे बोलत नाही. आपण ओझे झालो ही लाज त्याला थकव्याहून जड वाटते. मंडळीच्या सभेत नाही का वृद्ध माणसे म्हणत, "वेळ तुम्ही ठरवा, आम्हाला काय, कोणतीही चालेल"? आपण ते लिहून घेतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

२००६ साली एव्हरेस्टवर लिंकन हॉल नावाचा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक उतरताना आजारी पडला. तो मेला असे समजून त्याचे सोबती खाली गेले. दुसऱ्या सकाळी डॅन मेझर आणि त्याचे तीन साथीदार वर जात असता तो त्यांना जिवंत आढळला. उंची सुमारे ८६०० मीटर, शिखर जवळ. चौघांनी चढाई सोडली आणि मदत येईपर्यंत ते त्याच्यापाशी थांबले. तो वाचला आणि २०१२ पर्यंत जगला. कळसूबाईची त्याच्याशी बरोबरी करणे हास्यास्पद, हे आम्ही जाणतो. परंतु एक गोष्ट ध्यानात येते. त्या भ्रमिष्ट अवस्थेतील माणसाच्या शब्दावर काहीच सोपवता येत नव्हते. निर्णय त्या चौघांनाच घ्यावा लागला. आमचा निर्णय मात्र आम्ही गुरुजींच्या गळ्यात घातला.

उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एसाव आपल्या भावाला बरोबर चालण्याचा आग्रह करतो. याकोब नाही म्हणतो: मुले कोवळी आहेत, जनावरे दूध पाजणारी आहेत, त्यांच्या चालीने मी येईन. मुलांना त्याने विचारलेही नाही. विचारले असते तर पोरे अभिमानाने "चालू की" म्हणाली असती. तेव्हा याकोबाची मांडी नुकतीच उखळली होती, तो स्वतः लंगडत होता. चालीविषयी त्याला जे कळले ते कदाचित त्यामुळेही असेल.

येत्या डिसेंबरात तरुणांना पुन्हा जायचे आहे. कोण कोठे थांबणार हे बारीतच, चढण्यापूर्वी ठरवावे असे आम्ही सुचविले आहे, आणि पहिले नाव आमचे दिले आहे. गुरुजींनी येणार की नाही ते अजून सांगितलेले नाही. घोटा बरा आहे एवढेच म्हणतात.