कुलकांच्या यादीतले पाद्री

सोव्हिएत संघात 1929–30च्या हिवाळ्यात शेतीच्या सक्तीच्या सामूहिकीकरणाने वेग घेतला आणि त्याबरोबर खेड्यातल्या ऑर्थोडॉक्स पाद्र्यांवरही वरवंटा फिरला. मार्क्सवादी सिद्धान्तानुसार धर्म हा आर्थिक पायावर उभा असलेला इमला. पाया बदलला की तो आपोआप ढासळायचा. मग पाद्र्याला तुरुंगात धाडण्याची गरज का पडावी?

गरज पडली, कारण रशियन खेड्यात श्रद्धा आणि शेती वेगळी काढता येत नव्हती. संत जॉर्जच्या दिवशी पाद्री गुरांवर पवित्र पाणी शिंपडी आणि मगच ती हिवाळ्यानंतर प्रथम चरायला निघत. पोक्रोवच्या सणाला शेतीची कामे आटोपत. जमीन, जनावरे आणि अवजारे ताब्यात घेणाऱ्या शासनाला हे पंचांगही मोडायचे होते.

त्यासाठी श्रद्धेवर थेट बंदी घालावी लागली नाही. 8 एप्रिल 1929च्या कायद्याने नोंदणी नसलेली धर्ममंडळे बेकायदा ठरली, चर्चच्या दानधर्माला आणि मुलांच्या मेळाव्यांना मनाई झाली, पाद्र्याचा वावर आपल्या मंडळींच्या वस्तीपुरता उरला. मतदानाचा हक्क तर 1918मध्येच गेला होता. त्यापाठोपाठ शिधापत्रिका गेली, मुलांची शाळा अवघड झाली. पुढचे काम करआकारणीने केले. न पेलणारा कर आणि धान्याची लेव्ही बसवायची, थकली की घरदार जप्त करायचे, मग खटला. कित्येकांची नावे कुलकांच्या, म्हणजे सधन शेतकऱ्यांच्या, यादीत घालून त्यांना हद्दपार केले गेले. कागदोपत्री गुन्हा आर्थिक किंवा राजकीय. धर्माचा उल्लेखही नको. म्हणूनच फेब्रुवारी 1930मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचा कारभार पाहणारे मेट्रोपॉलिटन सेर्गी यांच्या तोंडून देशात धर्मछळ नाही, असे वदवून घेता आले. व्याख्येपुरते ते खरेही होते!

गावकऱ्यांनी ही व्याख्या मानली नाही. कोलखोज (सामूहिक शेत) म्हणजे ख्रिस्तविरोधकाचे राज्य, अशा अफवा पसरल्या. चर्चला कुलूप लागताना, घंटा उतरवल्या जाताना आडव्या आल्या त्या मुख्यतः बायका. त्यांच्यावर गोळ्या झाडणे अधिकाऱ्यांना तितके सोपे नव्हते. 2 मार्च 1930ला पक्षाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात स्टालिनने घंटा उतरवणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांची खिल्ली उडवली. जणू मोहीम त्यांनीच आखली होती! त्यानंतर शेतकरी कोलखोजमधून झपाट्याने बाहेर पडले. निम्म्याहून अधिक कुटुंबांचा आकडा काही महिन्यांत पाव हिश्शावर आला. पण ही उसंत अल्पकाळ टिकली. सामूहिकीकरण पुन्हा रेटले गेले, चर्च बंद होत राहिली आणि 1937च्या महादहशतीत उरलेसुरले पाद्रीही मोठ्या संख्येने मारले गेले.

त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या जनगणनेत धर्माविषयी प्रश्न होता. तोवर बहुतेक शेतकरी कोलखोजमध्ये आले होते, म्हणजे पाया बदललेला होता. तरीही सोळा वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांनी आपण आस्तिक असल्याचे नोंदवले. जनगणनाच रद्द झाली आणि ती घेणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली.