खालच्या गावाचे पाणी

चंदगडच्या वर नदीकाठी दोष द्यावा असे फारसे कुणी नाही. ताम्रपर्णी आणि घटप्रभा याच डोंगराळ पट्ट्यातून निघून पूर्वेकडे जातात, हिडकलच्या धरणात साठतात आणि पुढे कृष्णेला मिळतात. तिलारीचे पाणी घाट उतरून गोव्याकडे वळते. म्हणून सांडपाण्याचा प्रश्न इथे अभियांत्रिकीइतकाच धर्माचाही आहे: जो वर राहतो, त्याचे खालच्याशी काय नाते? पाण्यात मलमूत्र टाकू नये, हा दंडक मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आणि तैत्तिरीय आरण्यकातही आहे. पण आपल्या आचारात उरले ते स्नान करणाऱ्याचे पावित्र्य. मोरीतून निघालेले पाणी कुणाच्या घागरीत जाते, हे त्या हिशेबात आलेच नाही. जलजीवन मिशनने 2019 पासून माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचे ठरवले. पाच माणसांच्या घरात ते 275 लिटर होते आणि त्यातले बहुतेक साबण, खरकटे घेऊन ओढ्याकडे निघते. नळ आला की गटार आलेच, मात्र पूजा नळाची होते.

नदी स्वतःला शुद्ध करते, असे म्हणणारे अगदीच चूक नाहीत. वाहत्या, हवा खेळणाऱ्या पाण्यात जिवाणू बरीच घाण खातात. पण पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या बसतात आणि वाहती नदी डोहांची माळ होते. तिथे हा गुण लंगडा पडतो. साखर कारखाने आणि शहरे जास्त घाण करतात, हेही खरे. तरी दुसऱ्याचे मोठे कर्ज दाखवून आपले छोटे फिटत नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. पावित्र्याच्या कल्पनेनेच या देशात घाण आणि माणूस एकाच दोरीने बांधले. तिच्याच हाती सांडपाणी कसे द्यायचे? 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर दलितांनी पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले, म्हणजे पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतले. इतका लख्ख पुरावा असताना हा आक्षेप मान्य करावाच लागतो. म्हणून आधार पावित्र्याचा नको, ऋणाचा हवा. देव, ऋषी, पितर यांच्या ऋणाबरोबर माणसांचे ऋणही परंपरेने मानले आहे आणि ऋणाला जात विचारता येत नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचा झाडू त्यांच्याच हातात असे, ही त्यातली मुख्य गोष्ट. राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव देताना आपण ती सोयीस्करपणे विसरलो.

हे ऋण फेडायला यंत्रे लागत नाहीत. घरामागे शोषखड्डा, मोरीच्या पाण्यावर अळू-केळी, गावाच्या टोकाला स्थिरीकरण तळे. अर्थात चंदगडच्या पावसात जमीन तट्ट भरलेली असताना नुसता शोषखड्डा पाणी पीत नाही, म्हणून सरकारी नकाशा इथे जसाच्या तसा चालणार नाही. गटाराची जागा ठरवताना सगळ्या वस्त्या बसल्या पाहिजेत आणि गाळ उपसण्याची पाळी घरटी लागली पाहिजे. येत्या ग्रामसभेत नळाच्या विषयाआधी हा विषय घ्या.