निष्ठा कुणाच्या खर्चाने?

पक्ष बदलणारा आमदार कारण हमखास एकच देतो : मतदारसंघाचा विकास. आपण हसतो, पण तो युक्तिवाद हसण्यावारी नेण्याइतका पोकळ नाही. विरोधी आमदाराच्या तालुक्यात निधी उशिरा पोचतो, कालवा रेंगाळतो. मग त्याच्या तत्त्वनिष्ठेची किंमत हंडा घेऊन चालणाऱ्या बाईने का मोजावी? स्वतः उपाशी राहणं हा त्याग. दुसऱ्याला उपाशी ठेवणं याला काय म्हणायचं?

हा प्रश्न गणपतराव देशमुखांना लावून पाहावा. तिथे तो सगळ्यात जास्त टोचतो. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा कायम दुष्काळी तालुका. तिथून ते १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४पर्यंत एकूण अकरा वेळा. मध्ये १९७२ आणि १९९५ला हरले. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. राज्यात तो आटत गेला तरी हे हलले नाहीत. १९७८ आणि १९९९मध्ये मंत्री झाले, पण पक्षासकट. बाकी बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर. एसटीने फिरणारा आमदार म्हणून त्यांच्या गोष्टी सांगतात, त्यात मला फारसा रस नाही. साधं राहून कुचकामी असणंही जमतं.

मला महत्त्वाचं वाटतं ते पाणी. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर ते आटपाडीच्या पाणी परिषदांत वर्षानुवर्षं उभे राहिले. मागणी होती कृष्णेच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची, तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी. आता समजा, एखादा आमदार सत्तेत गेला आणि बदल्यात आपल्या तालुक्यापुरता कालवा घेऊन आला. शेजारचे बारा तालुके होते तिथेच राहिले, शिवाय मागणीतला एक आवाज गेला. म्हणजे 'विकासासाठी' हा शब्द बहुतेक वेळा 'शेजाऱ्याच्या आधी' या अर्थाने वापरलेला असतो. काही गोष्टी एकेकट्याने विकत घेता येतात. पाण्याचा हक्क त्यांतला नव्हे.

तरीही हिशेब पुरता मिटत नाही. पाणी यायला दशकं गेली. त्या दशकांत कुणाच्या बागा वाळल्या, कुणी ऊसतोडीला गेलं. त्यांना न्याय्य वाटपाचं तत्त्व ऐकवणं सोपं नाही.

पण निष्ठा एकट्या गणपतरावांची नव्हती, हे इथे विसरलं जातं. लाल झेंडा बघूनच लोक मत देत होते, आणि नको वाटलं तेव्हा दोनदा पाडलंही. पाच वर्षांनी परवानगी मागायची आणि मिळाली तरच पुढे जायचं. फुटणारा आमदार नेमकं हेच टाळतो. त्याला अधलीमधली विचारणा परवडत नाही. १९८५चा पक्षांतरबंदी कायदाही आमदाराला पक्षाशी बांधतो. मतदाराला त्यात जागा नाही.

वय झाल्यावर २०१९ला ते थांबले. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील निवडून आले, २०२२ला एकनाथ शिंद्यांबरोबर गुवाहाटीला गेले. २०२४ला सांगोल्याने पुन्हा शेकाप निवडला. उमेदवार गणपतरावांचा नातू होता, आणि हे मला खटकतं. तालुका पक्षाशी एकनिष्ठ राहिला की आडनावाशी, हे त्या निकालावरून सांगता येत नाही.