घरचा घास



आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि माळकरी मंडळी काही ना काही नेम धरतात. एके वर्षी मीही धरला होता. घरच्या शेतात पिकलेलं, परसात उगवलेलं, तेवढंच मुखी घालायचं. नेम वाईट नव्हता. पण त्यापायी माझ्या हातून एक अपराध घडला, तो आज तुमच्यापुढे सांगतो.

आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे सावतोबांची पुण्यतिथी. न्हावा-शेव्याच्या बाजूला एका गावी कीर्तन होतं. दुपारचं पान एका माळकरी म्हातारीच्या घरी. तांदळाची भाकर, पातळ वरण आणि टाकळ्याची भाजी. मी पानावर बसलो नि विचारलं, "माउली, तांदूळ घरचेच ना?"

म्हातारीचा हात थांबला. म्हणाली, "महाराज, शेतच गेलं, घरचे तांदूळ कुठून आणू? टाकळा तेवढा मी डोंगरीवरून खुडून आणलाय."

काय उत्तर देणार? त्या खाडीकाठी खाजणाला बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि आत भात पिकवायचा, अशी पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. जमिनीच्या मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत जासईच्या भागात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. 1989 साली बंदर सुरू झालं. पण विकसित भूखंडात भात रुजत नाही, बाबांनो!

पाठशाळेत तैत्तिरीय उपनिषद घोकलं होतं. अन्नाची निंदा करू नये, हे व्रत आहे, असं त्यात सांगितलं आहे. माझा प्रश्न ही त्या अन्नाची निंदाच नव्हे काय? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी केवळ स्वतःपुरतं शिजवणाऱ्याला पाप खाणारा म्हटलं आहे. तिथे सातबारा विचारलेला नाही. म्हातारीने तर अतिथीसाठी पावसात डोंगरी चढून पाला आणला होता. ऋषिपंचमी आठवा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. परसातलं नि आपसूक उगवलेलं खायचं. शेतवाला आणि बिनशेतवाला त्या दिवशी एकाच पंगतीला!

तुम्ही विचाराल, मग घरी पिकवण्याला महत्त्व नाही का? आहे तर! अरणच्या सावतोबांनी मळ्यालाच पंढरी मानलं. पण मळा हा त्यांचा भाव होता, अभिमान नव्हे. मी मात्र घरच्या अन्नाचा अभिमान धरून बसलो होतो.

आता दुसरी गोष्ट ऐका. शेत गेलं ते एकदा. पण डोंगरीवरची ओळख जाते आहे ती आपल्या आळसाने. पहिल्या पावसात शेवळं येतात. ती तशीच शिजवली तर घसा खाजतो, म्हणून काकडाची आंबट फळं किंवा चिंच घालतात. टाकळा कोवळा असेल तोवरच खुडावा. हे ज्ञान पोथीत नाही, म्हातारीच्या हातात आहे. सुनेने, नातीने ते घेतलं नाही तर दुसरं शेतही गेलं म्हणून समजा. म्हणून जाणत्या बाईबरोबर जा. ओळख पटल्यावाचून पान तोडू नका. शेंडे खुडा, कंद राखा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा फुटतील. कंटेनरच्या रस्त्याकडेचा आणि सांडपाण्यावरचा पाला आणू नका. आणि अंगण नसेल तर तुळशीशेजारी एका डब्यात चार मिरच्या तरी लावा.

त्या दिवशी मी भाजी दोनदा मागून घेतली. रात्री कीर्तनात सावतोबांच्या आधी त्या माउलीची क्षमा मागितली. नेम मोडला नाही, पण त्याचा अर्थ बदलला. जिथे देवाला दाखवून, दुसऱ्याला वाढून मग आपण खातो, तो घरचा घास.

रामकृष्णहरि!