काढणीच्या दिवशीचा भाव

निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या लेकीला लंडनमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. नाशिकच्या एजंटाने हिशेब मांडून दिला होता: सप्टेंबर २०२६ पासून वर्षभर शिक्षण, मग शिक्षणानंतर काम करण्यासाठी दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा, तेवढ्यात नोकरी आणि पाठोपाठ स्किल्ड वर्कर व्हिसा. कर्ज पंचेचाळीस लाखांचं, तारण दोन एकर बागायत.

बँकेत जायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा कांद्याची प्रतवारी करत बसले होते. जोडकांदा एकीकडे, डेंगळा एकीकडे. टिकेल तेवढाच माल चाळीत. लेक शेजारी येऊन बसली.

"अण्णा, ब्रिटन सरकारचे नियम मी स्वतः वाचले. मला दोन वर्षं नाही, अठराच महिने मिळणार."

"एजंट तर दोन म्हणाला."

"आज अर्ज करणाऱ्याला दोनच मिळतात. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला अठरा महिने. माझा निकाल त्यानंतर लागणार."

"आणि नोकरीचं?"

तिने वहीत लिहून आणलं होतं. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ पर्यंत वर्षाला २६,२०० पौंड होती. ती ३८,७०० झाली, आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००. नुकत्याच शिकून निघालेल्यांना सवलत आहे, तरी किमान ३३,४०० लागतातच. शिवाय कंपनीकडे परदेशी माणूस घ्यायचा परवाना हवा.

अण्णांनी हातातला कांदा खाली ठेवला. "डिसेंबर २०२३ आठवतो? लाल कांदा काढणीला आला आणि निर्यातबंदी आली. लासलगावात लिलाव थांबले. लावला तेव्हा भाव चांगला होता, पण विकायचा होता काढणीच्या दिवशी."

कोणाला किती काळ राहू द्यायचं हे प्रत्येक देश आपल्या सोयीने ठरवतो, आणि तो त्याचा अधिकारच आहे. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याचा व्हिसा २०१२ मध्ये बंद केला, २०२१ मध्ये पुन्हा सुरू केला. आता त्याची मुदत कमी होते आहे. हा इतिहास सातबारा घेऊन बँकेत निघालेल्या बापाला कोणीच सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

"समज, अठरा महिन्यांनी परत यावं लागलं," अण्णा म्हणाले, "तर इथल्या पगारात हप्ता निघेल?"

"पंचेचाळीस लाखांचा नाही निघणार."

"मग कितीचा निघेल?"

दोघांनी दिव्याखाली बसून आकडे मांडले. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून तिने थोडे पैसे साठवले होते. लंडनबाहेरच्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्रही हाताशी होतं. नाव कमी गाजलेलं, पण विषय तोच आणि फी बरीच कमी. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चापोटी लंडनला महिन्याला १,५२९ पौंड दाखवावे लागतात, बाहेर १,१७१. तेही नऊ महिन्यांचे, आणि सलग २८ दिवस खात्यात हवेत. कर्जाचा आकडा चोवीस लाखांवर आला. तारण एक एकर.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे जायचं की नाही?"

"जायचं," अण्णा म्हणाले.

सकाळी लेकीने एजंटाला फोन लावला. तो लंडनचं नाव सोडू नका म्हणून गळ घालू लागला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसऱ्या विद्यापीठाचा फॉर्म भरा. आणि माझ्या अर्जाच्या तारखेला कोणता नियम लागू असेल, तो मला लेखी द्या."