रमाबाईंच्या शाळेचा पट

जिनिव्हा आणि योकोहामा या दोन शहरांत 1924 साली आंतरराष्ट्रीय शाळा निघाल्या. कामासाठी देश सोडून आलेल्यांच्या मुलांनी शिकायचे कुठे, या प्रश्नातून त्या उभ्या राहिल्या. अशा शाळांचा इतिहास बहुधा तिथून सांगितला जातो. मला तो दौंड तालुक्यातल्या केडगावपासून सांगावासा वाटतो.

पंडिता रमाबाई 1886 ते 1888 या काळात अमेरिकेत होत्या. तिथे त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली. त्यांच्या कामाला पैसा पुरवण्यासाठी बॉस्टनमध्ये मंडळ स्थापन झाले आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. सदन पुण्यात आल्यावर मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून 1893 मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद खरा होता, आणि तो झाकून रमाबाईंविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण 1896 च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन आल्या. शहरात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या. एकूण संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या मुली एकाच आवारात राहत. शिकवणाऱ्यांत इथल्या बायका होत्या, तशा इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्याही. अक्षरओळखीबरोबर छापखाना, विणकाम, शेती शिकवली जाई. अंध मुलींना ब्रेल.

जगभरचा पैसा, पद्धती आणि माणसे इथे आली ती ज्यांना कुणीच नव्हते अशा मुलींसाठी. आंतरराष्ट्रीय शिक्षणाची याहून मोठी व्याख्या मला माहीत नाही.

आज त्याच दौंड तालुक्यात गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे राबतात. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत आणि शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत बिहार-ओडिशाचे कामगार आहेत. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. जिनिव्हातल्या अधिकाऱ्यांसारखेच हे कामासाठी घर सोडून आलेले आईबाप, आणि त्यांची मुले जवळच्या जिल्हा परिषद शाळेत, तीही हंगामापुरती. जूनमध्ये भरलेल्या पटावर त्यांचे नाव नसते.

शिरूरमध्येच वाबळेवाडी आहे. दत्तात्रय वारे 2012 मध्ये तिथे आले तेव्हा दोन खोल्या आणि जेमतेम तीस-बत्तीस मुले होती. गावाने जमीन दिली, एका कंपनीच्या सामाजिक निधीतून काचेच्या वर्गखोल्या झाल्या. ज्या मुलाला एखादा विषय आला, तो ‘विषयमित्र’ होऊन इतरांना शिकवू लागला. राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले, तेव्हा ही शाळा त्यात घेतली. पुढे मंडळच बंद झाले. मंडळ गेल्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण शाळेचे बळ गावात आणि विषयमित्रांत होते. मला खुपते ती प्रवेशाची लांबलचक प्रतीक्षायादी. यादीत थांबायला एका जागी घर लागते. गुऱ्हाळावरच्या मुलीला ते कुठून असणार?

ही मुलगी चौथी-पाचवी कशीबशी गाठते. खरा कडा माध्यमिक शाळेच्या तोंडाशी आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. नववीत वर्षाच्या मध्यावर, मराठी अर्धीमुर्धी येणाऱ्या मुलीला दारात उभी करून घेणारी शाळा शोधावी लागते, आणि तोवर तिच्या हाती धाकटे भावंड आलेले असते.

म्हणून शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत एमआयडीसीलगत एकेक माध्यमिक शाळा हवी, वसतिगृहासह. प्रवेश कोणत्याही महिन्यात मिळावा. भोजपुरी किंवा ओडिया बोलणाऱ्या मुलाला मराठीची स्वतंत्र तासिका असावी, आणि ती त्याच्याच बोलीतून आलेल्या मोठ्या विषयमित्राने घ्यावी. रांजणगावातल्या कारखान्यांचे मालक कोरियापासून अमेरिकेपर्यंत पसरलेले आहेत. त्यांच्या सामाजिक निधीतला पहिला वाटा त्यांच्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या मुलांचा असला पाहिजे. जिल्हा परिषदेने ही मागणी त्यांच्यापुढे लेखी ठेवावी, आणि ती येत्या जूनच्या आत.